एसी सर्व्हिसचा धंदा वाढवायचाय? जाहिरातीआधी जुनी बिलबुकं उघडा

वाचकाचं पत्र : म्हापशात माझं एसी सर्व्हिसिंग आणि रिपेअरिंगचं काम आहे. दोन टेक्निशियन, दोन हेल्पर, एक व्हॅन आणि एक स्कूटर आहे. स्प्लिट एसीच्या वेट सर्व्हिसचे (पाण्याने धुऊन केलेल्या) ५९९ रुपये घेतो. यंदा एप्रिल-मेमध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर १८ हजारांची जाहिरात केली. २१० मेसेज आले, प्रत्यक्षात कामं ३१ झाली. जून लागला आणि फोन थंडावला. मित्र म्हणतात, २९९ची ऑफर काढ आणि अख्ख्या गोव्यात जाहिरात लाव. मागच्या तीन-चार वर्षांची सहाशेच्या आसपास बिलं आहेत, पण त्या गिऱ्हाइकांशी नंतर संपर्क असा नाही. धंदा वाढवायला नेमकं काय करू? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ शेवटून दुसरी आहे, सहाशे बिलांची. तिच्याकडे येण्याआधी ३१ कामांचा हिशेब करू. १८,००० भागिले ३१ म्हणजे एका कामामागे जाहिरातीचे साधारण ५८१ रुपये. साध्या सर्व्हिसचं बिल ५९९. पेट्रोल, पगार, केमिकल सगळं खिशातून गेलं. पण एवढ्यावरून जाहिरात वाईट ठरत नाही. त्या ३१ घरांत सरासरी दोन एसी धरा आणि वर्षाला दोन सर्व्हिसिंग. त्यातली निम्मी घरं जरी टिकली तरी वर्षाला सुमारे ३७ हजारांचं काम होतं, शिवाय दुरुस्ती वेगळी. म्हणजे ५८१ रुपये हा गिऱ्हाईक मिळवण्याचा खर्च आहे आणि तो वसूल होतो दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत. ती फेरी तुमच्याकडे होतच नाही, कारण कोणाला कधी बोलवायचं हे कुठे लिहिलेलं नाही. धंदा तिथे गळतोय. ही गळती तशीच ठेवून जाहिरातीचं बजेट वाढवलंत तर तोटाच वाढेल.

म्हणून पहिलं काम वहीचं. सहाशे बिलं एका शीटमध्ये उतरवा. मोबाईलवरची गूगल शीट पुरे. दोघं बसलात तर चार-पाच संध्याकाळी लागतील, आणि पावसाळ्यात त्या तुमच्याकडे आहेत. रकाने असे ठेवा : नाव, नंबर, गाव आणि खूण (देऊळ, कपेल म्हणजे छोटं चर्च, दुकान, जे असेल ते), एसी किती आणि किती टनाचे, कंपनी, गॅस कुठला (आर-२२, आर-४१० ए की आर-३२), शेवटची तारीख, काय काम केलं, पुढची तारीख आणि गिऱ्हाईक आलं कुठून. हा शेवटचा रकाना बहुतेक जण गाळतात. सहा महिन्यांनी पैसे कुठे घालायचे आणि कुठे थांबवायचे हे सांगणारा तोच एक रकाना असतो, म्हणून प्रत्येक नवीन फोनवर "आमचा नंबर कुठे मिळाला?" हे विचारल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

शीट झाली की ती गावाप्रमाणे लावा. शिवोली, आसगाव, हणजूण एकत्र, पर्वरी, सुकूर एकत्र, थिवी, अस्नोडा, डिचोली एकत्र. मग एक एक पट्टा घेऊन मेसेज पाठवा. चवथीआधी (गणेश चतुर्थी) घराची साफसफाई सगळीकडे निघते, मुंबई-पुण्याची माणसं मूळ घरी उतरतात, बंद खोल्या उघडतात. त्याच्या दोन-तीन आठवडे आधीची वेळ साधा. मेसेज साधारण असा :

"नमस्कार, म्हापशाच्या एसी सर्व्हिसमधून बोलतोय. गेल्या ऑक्टोबरात तुमच्या दोन्ही एसींची सर्व्हिस आम्ही केली होती. १२ आणि १३ तारखेला आमची गाडी शिवोलीत आहे. सकाळी १० ते १२ की दुपारी ३ ते ५, कुठली वेळ बरी पडेल? दर तोच, एका एसीचे ५९९."

यात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. जुन्या कामाची आठवण, म्हणजे हा मेसेज सगळ्यांना टाकलेला नाही हे कळतं. आणि दोन वेळा समोर ठेवल्या आहेत. "सर्व्हिस करायची आहे का?" असं विचारलंत की उत्तर "बघतो, सांगतो" असं येतं. हे मेसेज एकेकाला पाठवा, दिवसाला वीस-पंचवीसच. व्हॉट्सॲपच्या साध्या ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात खरे, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना तो मेसेज पोचतच नाही, आणि जुन्या गिऱ्हाइकांपैकी किती जणांनी तो सेव्ह केला असेल? एकाच दिवशी शिवोलीत पाच घरं लागली की पेट्रोल वाचतं आणि दिवसाला एखादं जास्तीचं काम बसतं. ही बचत कुठल्याही ऑफरपेक्षा मोठी आहे. भाषेचं म्हणाल तर डिचोली, पेडणे, साखळीकडे मराठी मेसेज घरगुती वाटतो. पर्वरी-कांदोळीतल्या सोसायट्यांत आणि भाड्याने राहणाऱ्यांना इंग्रजी पाठवा. फोनवर मात्र समोरचा ज्या भाषेत सुरू करेल तीच, कोंकणी असेल तर कोंकणी.

आता ते २१० मेसेज. ३१ सोडले तर १७९ गेले कुठे? एक संध्याकाळ काढून सगळे चॅट वरून खाली वाचा आणि प्रत्येकापुढे एक खूण करा : लांबचा पत्ता, फक्त दर विचारला, पर्यटक किंवा भाड्याची चौकशी, आणि आपण उशिरा उत्तर दिलं. चौथ्या खुणा मोजा. मे महिन्यात एसी बंद पडलेला माणूस तीन नंबरांवर विचारतो आणि जो पहिल्यांदा वेळ देतो त्याला काम देतो. टेक्निशियन शिडीवर असताना फोन घेणार कसा? त्यामुळे सकाळी ९ ते संध्याकाळी ७ फोन आणि मेसेज बघणारं एक माणूस हवंच, घरातलं असो की अर्धवेळ ठेवलेलं. मिस्ड कॉलला १५ मिनिटांत उलट फोन. विचारायचे प्रश्न चारच : गाव आणि खूण, एसी कुठला आणि किती, नेमकं काय होतंय (थंड होत नाही, पाणी गळतं, चालूच होत नाही), आणि किती वर्षं जुना. मग दोन तासांची वेळ द्यायची, टेक्निशियनचं नाव आणि फोटो पाठवायचा, निघताना एक फोन करायचा. "आज येतो" हा शब्द वापरू नका. त्यावर माणूस दिवसभर घरात अडकतो आणि तुम्ही रात्री आठला गेलात तर काम कितीही चांगलं झालं तरी पुढच्या वेळी तो दुसऱ्याला फोन करतो.

२९९ची ऑफर काढू नका. जेट पंप लावून नीट वेट सर्व्हिस करायला दोन माणसांना पाऊण तास ते एक तास लागतो, जाण्यायेण्याचा वेळ वेगळा. २९९मध्ये हे बसत नाही, मग टेक्निशियनवर दुसरं काहीतरी विकायचा दबाव येतो आणि ते दुसरं काहीतरी म्हणजे नेहमीच गॅस. "गॅस कमी झालाय, भरावा लागेल" हे ऐकून ऐकून लोक इतके पोळले आहेत की एसीवाला म्हटलं की आधी तोच संशय येतो. तुमची सगळ्यात मोठी जाहिरात इथे दडलेली आहे.

एसीचं रेफ्रिजरंट, म्हणजे हाच गॅस, बंद सर्किटमध्ये फिरतं, ते वापरून संपत नाही. कमी झालं असेल तर कुठेतरी गळती आहे. ती न शोधता नुसता गॅस भरला तर दोन-तीन महिन्यांत पुन्हा तेच. म्हणून नियम करा आणि लिहून गिऱ्हाइकाला दाखवा : आधी कॉइल आणि फिल्टर साफ करणार, मग गेज लावून प्रेशर मोजणार आणि त्याचा फोटो तुम्हाला पाठवणार. कमी असेल तर नायट्रोजनने प्रेशर टेस्ट करून गळती कुठे आहे ते साबणाच्या फेसाने दाखवणार. दुरुस्ती, व्हॅक्युम (नळ्यांतली हवा काढणं) आणि मगच गॅस, तोही वजनावर तोलून. बिलावर किती ग्रॅम भरला ते लिहिणार. ज्या घरात तुमचा टेक्निशियन म्हणाला, "गॅस ठीक आहे, फक्त कॉइल चोंदली होती", त्या घरातून पुढचे दोन-चार फोन येतात. हे टेक्निशियनला मनापासून करता यावं म्हणून गॅसच्या बिलावर त्याला कमिशन ठेवू नका. बक्षीस द्यायचंच असेल तर महिनाभरात एकही काम उलटून आलं नाही यासाठी द्या.

स्टिकर. हे दोन मिनिटांत सांगून होईल, पण करा नक्की. काम झाल्यावर एसीच्या बाजूला जो स्टिकर लावला जातो तो सात-आठ फुटांवर असतो आणि खालून वाचता येत नाही. नंबरचे आकडे निदान एक सेंटिमीटर उंच हवेत. खरा उपयोगी स्टिकर मात्र दुसरा, एमसीबीच्या (आपोआप पडणाऱ्या विजेच्या स्विचच्या) किंवा स्टॅबिलायझरच्या शेजारी डोळ्यांच्या उंचीवर लावायचा. एसी चालू झाला नाही की माणूस पहिल्यांदा तिथेच हात घालतो. कागदी नको, इथल्या दमटपणात सुटतो. व्हिनाइलचा करून घ्या. त्यावर नंबर, आजची तारीख आणि पुढच्या सर्व्हिसचा महिना मार्करने. मालकाला विचारूनच लावा.

गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल फुकट आहे आणि एसी बंद पडलेला माणूस इन्स्टाग्राम बघत बसत नाही, गूगलवरच शोधतो. नाव तुमच्या बोर्डावर आहे तेच द्या. त्यात "बेस्ट एसी रिपेअर गोवा" असे शब्द घुसवले तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि मेच्या मध्यात निलंबित झालं तर हंगाम गेला. दुकान नसेल, घरून काम करत असाल तर पत्ता लपवून सेवा क्षेत्र निवडता येतं, जास्तीत जास्त २० जागा. म्हापसा, पर्वरी, पणजी, कळंगुट, कांदोळी, हणजूण, शिवोली, थिवी, डिचोली अशी खरोखर जाता तीच गावं घाला. दक्षिण टोकाचं काणकोण घालून काय उपयोग? दक्षिण गोव्यातल्या सासष्टीतून फोन आलाच तर तिकडच्या एखाद्या भरवशाच्या टेक्निशियनला द्या आणि त्याच्याकडे येणारं बार्देशचं, म्हणजे तुमच्या म्हापशाच्या तालुक्याचं, काम तुम्ही घ्या.

रिव्ह्यू काम संपताना, थंड हवा लागत असतानाच मागायचा. प्रोफाइलमधून लिंक आणि क्यूआर कोड मिळतो, तो बिलाच्या मागे छापून घ्या. "काय काम झालं आणि कुठल्या गावात, तेवढं दोन ओळीत लिहा" असं सांगितलं की पुढच्या वाचणाऱ्याला खरंच उपयोग होतो. सवलत देऊन रिव्ह्यू मागणं गूगलच्या नियमात बसत नाही, आणि खूश दिसणाऱ्यांनाच निवडून मागणंही नाही. आठवड्याला तीन-चार येत राहिले तर पुरे. एकाच दिवशी तीस आले तर वाचणाऱ्यालाही खोटे वाटतात. वाईट रिव्ह्यूला दुसऱ्या दिवसापर्यंत उत्तर द्या, वाद न घालता : काय झालं, आम्ही काय करतोय, कोणाशी बोला. ते उत्तर त्या एका माणसासाठी नसतं, नंतर वाचणाऱ्या सगळ्यांसाठी असतं.

पैसे देऊन जाहिरात करायचीच तर गूगल सर्चवर करा, मार्च ते मे, रोज तीन-चारशे रुपये. इथे गोव्यात एक खास खड्डा आहे. लोकेशनच्या सेटिंगमध्ये मूळ पर्याय "त्या जागी असलेले किंवा त्या जागेत रस असलेले" असा असतो. तो तसाच राहिला तर दिल्लीत बसून गोव्याची सहल ठरवणाऱ्यांनाही तुमची जाहिरात दिसू शकते. तो बदलून फक्त त्या भागात असलेले किंवा नेहमी असणारे, हा पर्याय घ्या. डिस्प्ले नेटवर्कची (इतर वेबसाइट-ॲपवर दिसणाऱ्या जाहिरातींची) खूण काढा. नको असलेल्या शब्दांच्या यादीत नोकरी, कोर्स, सेकंड हँड, भाड्याने, बस, टॅक्सी, रूम, हॉटेल हे घाला. "एसी" या शब्दावर गोव्यात एसी बस आणि एसी रूम शोधणारेही खूप येतात. फोन घेणारं माणूस ज्या वेळात आहे त्याच वेळात जाहिरात चालू ठेवा. फेसबुकवर ठरावीक गाव निवडलं तरी त्यात तिथे नुकतेच येऊन गेलेले लोक धरले जातात, म्हणून कळंगुटभोवती वर्तुळ काढलं की पर्यटकांवर पैसे जातात. तुमचे २१० मेसेज चाळताना ते दिसेलच. दैनिकात पत्रक घालणं म्हापसा शहरापेक्षा डिचोली-साखळीकडे चालेल, फेब्रुवारीत एकदा करून बघा आणि "नंबर कुठे मिळाला" या रकान्यावरून ठरवा.

जून ते सप्टेंबरचं काय? पावसात घरगुती सर्व्हिसची मागणी उतरणारच, तिच्यामागे धावू नका. त्या चार महिन्यांसाठी वेगळी सेवा बांधा. बार्देशात बाहेरगावी राहणाऱ्यांचे फ्लॅट आणि व्हिला कितीतरी आहेत, पावसाळ्यात बहुतेक बंद. आत बुरशी धरते, एसीच्या ब्लोअरवर काळा थर बसतो, बाहेरच्या युनिटमध्ये पाल किंवा मुंग्या शिरून पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) शॉर्ट होतो, विजा कडाडतात तेव्हा एमसीबी चालू राहिलेला असतो. ऑक्टोबरात मालक येतो आणि चारपैकी दोन एसी बंद असतात. त्याला मेअखेरीस असा करार द्या : महिन्यातून एक फेरी, प्रत्येक एसी अर्धा तास ड्राय मोडवर, ड्रेनची तपासणी, बाहेरच्या युनिटमध्ये डोकावून बघणं, निघताना एमसीबी बंद, आणि त्याच दिवशी चार फोटो व्हॉट्सॲपवर. सप्टेंबरअखेर एक पूर्ण वेट सर्व्हिस. दर ठरवताना फेरीचा जाण्यायेण्याचा वेळ धरा आणि एका सोसायटीत चार-पाच घरं जमली तरच कमी करा. या मालकांपर्यंत जाहिरातीने पोचता येत नाही. सोसायटीचा सेक्रेटरी, घरांची देखभाल बघणारे मॅनेजर आणि केअरटेकर यांच्यामार्फतच जावं लागतं. त्यांना भेटताना पत्रक नेऊ नका, एका बंद घराच्या फेरीचे नमुन्याचे चार फोटो आणि अहवाल दाखवा. यंदाचा मे गेला, पण सप्टेंबरची सर्व्हिस आत्ता विकता येते आणि त्याच घरांना पुढच्या मेमध्ये करार देता येतो.

किनाऱ्यावरच्या गेस्टहाउसांकडे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जा. ऑक्टोबरात त्यांना वेळ नसतो. मालकापेक्षा मेंटेनन्स बघणाऱ्याला भेटा आणि एक खोलीवार तक्ता घेऊन जा : खोली नंबर, मॉडेल, गॅस, शेवटची सर्व्हिस, बाहेरच्या कॉइलची स्थिती. खाऱ्या वाऱ्यात तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जिथे टेकतात तिथे पट्ट्या झिजून पांढरी भुकटी होते, उष्णता बाहेर पडत नाही आणि कॉम्प्रेसर तापतो. समुद्रापासून जवळच्या युनिटना दर दोन-तीन महिन्यांनी साध्या पाण्याने, कमी प्रेशरवर धुणं हा वेगळा, स्वस्त करार म्हणून विका. तो तक्ता दोन वर्षं भरला गेला की ते गेस्टहाउस तुम्हाला सहजी सोडत नाही. पैशांच्या बाबतीत मात्र सावध राहा. उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत होते, ती करून नंबर बिलावर छापा. २००६च्या एमएसएमईडी कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करारात ३० दिवस लिहा आणि आधीचं बिल थकलं असेल तर पुढची फेरी नाही हेही लिहा. मोठी हॉटेलं जीएसटीचं बिल मागतील. सेवा देणाऱ्याला वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी सक्तीची आहे, म्हणून त्या कामांना हात घालण्याआधी तुमच्या अकाउंटंटशी बोला.

घरांसाठी वार्षिक करार साधा ठेवा : दोन वेट सर्व्हिस, मध्ये एक तपासणी, आणि बिघाड झाल्यास २४ तासांत फेरी, तिचे वेगळे पैसे नाहीत. पार्ट्स आणि गॅस बाहेर. पार्ट्ससकटचा करार समुद्राकाठच्या पट्ट्यात घेऊच नका, एक कॉम्प्रेसर गेला की वीस करारांचा नफा गेला. एका एसीचा दर १,५०० ते १,६०० धरला तर दोन सर्व्हिसचे ११९८ जाऊन वरचे तीन-चारशे तपासणी आणि तातडीच्या फेरीसाठी राहतात. तपासणी इतर कामांच्या पट्ट्यात बसवली तरच ते पुरतात.

किती करार घ्यायचे याला मर्यादा आहे. दोन जोड्या, प्रत्येकीची दिवसाला पाच कामं, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे २५० कामं. चारशे एसी करारात असतील तर त्यांची एक फेरी दीड महिन्याहून जास्त खाते. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात उरकायची. यासाठी फेब्रुवारीत वेळ घेणाऱ्याला शंभर रुपये कमी लावा, ही सवलत परवडते कारण ती तुमचा एप्रिल मोकळा करते. एप्रिल-मे बिघाडाच्या फोनसाठी राखून ठेवा, तेव्हा प्रत्येक तास महाग असतो. तिसरी जोडी कधी घ्यायची, हेही शीटवरूनच कळेल. सलग तीन आठवडे नव्या फोनला ४८ तासांच्या पुढची वेळ द्यावी लागत असेल आणि तो काळ मे नसेल, तर माणूस शोधायला लागा. शिकाऊ हेल्परला एकट्याने सर्व्हिसला पाठवण्याइतपत तयार व्हायला काही महिने जातात, म्हणून पुढच्या उन्हाळ्यासाठी हवा असेल तर तो याच ऑक्टोबरात घ्यावा लागेल.